दोन हंगाम

100 किलो कापूस रेच्यातून गेला की साधारण 34 किलो रुई निघते, 64 किलोच्या आसपास सरकी, आणि उरलेले दोनेक किलो कुठं जातात ते कोणालाच दाखवता येत नाही. पत्ती, धूळ, ओलावा. जिनिंगवाले त्याला घट म्हणतात. अकोला-अमरावतीच्या पट्ट्यात सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिपला लागलेल्या पोरापोरींना समजणारी ही पहिली खरी गोष्ट. बी.कॉम.च्या पुस्तकात कच्चा माल हा एक आकडा असतो. इथं तो दिवाळीला ओला असतो, संक्रांतीनंतर वाळतो, आणि फेब्रुवारी उलटला की फरदडीचा येतो, ज्यात रुई कमी नि कवडी जास्त.

प्राप्तिकराच्या टॅक्स ऑडिटमध्ये 3सीडी नावाचा फॉर्म भरतात. त्याची कलमं 44. त्यातलं 35 वं कलम कारखानदाराला विचारतं: कच्चा माल किती घेतला, किती वापरला, पक्का माल किती निघाला, उतारा किती टक्के, घट किती. मुंबईतल्या मोठ्या फर्ममध्ये तीन वर्षं काढलेल्या एखाद्याच्या वाट्याला हे कलम कदाचित आलंही नसेल. अकोल्यात मात्र ते टाळून एकही सप्टेंबर जात नाही.

हिशेब सोपा आहे. समजा एका जिनिंगनं हंगामात 8,000 क्विंटल कापूस घेतला. 34 टक्क्यांनी 2,720 क्विंटल रुई झाली पाहिजे. गाठ 170 किलोची, म्हणजे 1,600 गाठी. वहीत 1,460 दिसल्या तर उतारा 31 टक्क्यांवर आला आणि 140 गाठींचा जाब विचारावा लागतो. सही सरांची असते, पण विचारायला जातो तो वीस-एकवीस वर्षांचा आर्टिकल. समोर असतात तीस वर्षं गादीवर बसलेले मुनीमजी. ते चहा मागवतात आणि सांगतात, माल ओला होता. आर्टिकल लिहून घेतो: माल ओला होता. पहिल्या हंगामात सगळे हेच लिहून घेतात.

दुसऱ्या हंगामात तोच आर्टिकल महिन्यावार उतारा काढतो. ओला माल ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, मग जानेवारीतही उतारा का घसरला? सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, 12 टक्क्यांच्या वर ओलावा असलेला कापूस घेत नाही, व्यापारी घेतो. पण घेताना भावात कापतो, मग भाव का कापलेला दिसत नाही? हे प्रश्न कोणत्याही क्लासच्या नोट्समध्ये नाहीत. ते एक हंगाम आधी फसल्याशिवाय सुचत नाहीत. या लेखासाठी दोन्ही शहरांतल्या ऑफिसांमध्ये बसलो, पोरांबरोबर फिरलो, तेव्हा माझ्या डोक्यात राहिलं ते हेच. बाकी सगळं, म्हणजे स्टायपेंड, तास, परीक्षा, यावर बोलूच. पण वऱ्हाडातल्या आर्टिकलशिपचं माप हंगामात मोजायला हवं, आणि ते माप नुकतंच आखूड झालं आहे.

1949 च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानं 1 जुलै 1949 ला सीएंची संस्था उभी राहिली, तेव्हापासून सीए होण्याच्या वाटेवर एक मुक्काम कधी चुकला नाही: कोणत्या तरी सराव करणाऱ्या सीएच्या हाताखाली ठरावीक वर्षं काम. ही पद्धत ब्रिटिशांची. तिकडं 1854 मध्ये एडिंबरोच्या हिशेबनिसांना राजसनद मिळाली. तिकडच्या जुन्या काळात शिकाऊ पोराचा बापच मालकाला पैसे मोजायचा, पोराला शिकवल्याबद्दल. आपल्याकडं सीए विद्यार्थ्याला स्टायपेंड देतो, म्हणजे सुधारणा आहेच. किती मोठी, ते पुढं बघू.

परवापरवापर्यंत ही मुदत तीन वर्षं होती. 1 जुलै 2023 पासून ती दोन झाली. आता इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय आर्टिकलशिपला बसता येत नाही. पूर्वी एका ग्रुपवर बसता यायचं आणि मग ऑडिटच्या फायलीखाली दुसऱ्या ग्रुपचं पुस्तक उघडं असायचं. दोन वर्षं संपली की सहा महिने अभ्यासाला, मग फायनल. सुट्ट्या वर्षाला 12, दोन वर्षांत 24. त्यापेक्षा जास्त घेतल्या तर तेवढे दिवस मुदत लांबते.

विद्यार्थ्यांच्या बाजूनं बघितलं तर हा बदल चांगला आहे, यात मला शंका नाही. एक वर्ष लवकर सुटका, अभ्यासाला मोकळे सहा महिने, डोक्यावर इंटरचा राहिलेला ग्रुप नाही. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची ऑडिटं तिमाहीच्या तालावर चालतात. तिथं दोन वर्षांत आठ तिमाही बघायला मिळतात. कापूस तिमाहीला येत नाही.

अकोला आणि अमरावती यांच्यामध्ये शंभर किलोमीटरही अंतर नाही. बडनेऱ्याहून गाडी धरली की मूर्तिजापूर मागं टाकून दीडेक तासात अकोला. रस्त्यानं जाल तर त्यावर एक विक्रमही आहे: जून 2022 मध्ये याच महामार्गावर 75 किलोमीटर एकपदरी डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनेस बुकात नोंद झाली. ऑडिटला जाणारी पोरं त्यावरून सरांना टोमणे मारतात, की रस्ता पाच दिवसांत झाला, पण शेठजींची बँक रिकन्सिलिएशन अजून व्हायची आहे.

एवढं जवळ असूनही दोन्हीकडची आर्टिकलशिप वेगळी. अकोला व्यापाराचं गाव. कापूस, दालमिल, तेल, किराणा ठोक. एमआयडीसीत दालमिलांच्या रांगा आहेत आणि तिथं पुन्हा उताऱ्याचंच गणित: तुरीतून डाळ किती, चुनी किती, टरफल किती. अकोल्यात शिकलेला आर्टिकल मालाचा पक्का होतो. गोदामात शिरल्यावर कट्ट्यांची थप्पी बघून तो आडवे किती, उभे किती, मागं पोकळी तर नाही ना, एवढं नजरेनंच धरतो.

अमरावती विभागाचं ठाणं. विद्यापीठ 1983 पासून, कॉलेजं त्याच्याही आधीची, दवाखान्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या, सरकारी ठेकेदार, शिक्षण संस्था, आणि नागपूर रोडला सिटीलँड, बिझीलँडसारख्या कपड्यांच्या ठोक बाजारपेठा. तिथला आर्टिकल धर्मादाय आयुक्तांकडं भरायचं शेड्यूल नऊ-सी डोळे मिटून करतो, डॉक्टरांच्या ओपीडीच्या पावत्या मोजतो, ठेकेदाराच्या बिलातून कापलेला टीडीएस 26एएसशी ताडून बघतो. संध्याकाळी सहाला खाली गाडीवर गिला वडा खातो आणि परत वर येतो, कारण 20 तारीख आहे आणि जीएसटीचे 3बी भरायचे राहिलेत. महिना या पोरांच्या डोक्यात तारखांनी चालतो: 7 ला टीडीएस, 11 ला जीएसटीआर-1, 20 ला 3बी. पगाराची तारीख विचारली तर आठवावी लागते.

अकोट रोडच्या बाजूला एका जिनिंगमध्ये 31 मार्चच्या स्टॉकला मी दोघांसोबत गेलो होतो. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, मूळची दर्यापूर तालुक्यातली, आणि महिन्याभरापूर्वी लागलेला एक मुलगा. ऊन चाळिशीला टेकलेलं. आत रुईचे तंतू हवेत तरंगत होते. पोरगं पहिल्या पाच मिनिटांत शिंकून शिंकून बेजार. तिनं पिशवीतून जास्तीची ओढणी काढून त्याला दिली. "बांध तोंडाले. सरांनी सांगतलं नाही वाटते."

गाठी मोजणं सोपं. प्रत्येक गाठीवर प्रेसचं नाव, लॉट नंबर, गाठ नंबर असतो. तिनं पोराला वरच्या रांगेवर चढवलं आणि तो ओरडून नंबर सांगत गेला, ती टिक मारत गेली. खरा प्रश्न गंजीचा. मोकळा कापूस ढिगानं पडलेला असतो, तो काट्यावर घालता येत नाही. तिनं पन्नास फुटी टेप काढला.

मुनीमजी सावलीतून बघत होते. म्हणाले, "बाई, गाठी मोजल्या नं? मंग गंजीचं काय मोजून रायल्या? गंजी माह्या डोळ्यात हाय."

"काका, तुमच्या डोळ्यातलं मले वर्किंग पेपरवर कसं लावता येईन?"

ते हसले आणि टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. लांबी, रुंदी, मध्ये उंची, कडेला उंची. त्यावरून घनफूट, घनफुटाला वजन किती ते गेल्या वर्षीच्या फायलीवरून आणि आदल्या दिवशीच्या काटापट्टीवरून. उत्तर वहीपेक्षा बरंच कमी आलं. तिनं काही बोलून दाखवलं नाही. गंजी दाबलेली आहे का ते हात घालून बघितलं, फोटो काढले, तारीख-वेळ घातली, मुनीमजींची सही घेतली. पोरानं विचारलं, आता काय? "आता काही नाही. सप्टेंबरात पाहू." परतीच्या वाटेवर मला म्हणाली, पहिल्या वर्षी तिनं या गंजीची उंची लिहिली होती मुनीमजींनी सांगितली तीच.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती मी विचारल्यावर. फॅक्टरीत बायकांसाठी धड संडास नाही. कामाला मजूर बाया येतात, त्या शेताकडं जातात. ही सकाळपासून पाणी पीत नाही. आता अनेक ऑफिसांत निम्म्याहून जास्त मुली दिसतात आणि स्टॉकला, गोदामाला, बँकेच्या शाखेला त्याच जातात. संस्थेच्या एकाही परिपत्रकात याला जागा नसेल, पण चाळीस डिग्रीत न पिता काढलेला दिवस हाही आर्टिकलशिपचाच भाग आहे.

आता रोखीकडं येतो. वऱ्हाडातल्या ऑडिटचा आत्मा रोखीत आहे. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याचं 40ए(3) सांगतं की एका दिवसात एका माणसाला 10,000 च्या वर रोख दिली तर तो खर्च मंजूर नाही. पूर्वी ही मर्यादा 20,000 होती, 2017 मध्ये निम्म्यावर आली. पण नियम 6डीडीत सवलत आहे: शेतमाल थेट पिकवणाऱ्याकडून घेतला तर रोख चालते. शेतकरी बैलगाडी किंवा मेटॅडोर घेऊन येतो, माल उतरवतो, त्याला दुकानदाराची उधारी भागवायची असते, सोयरिकीला जायचं असतं. त्याला चेक नको असतो. कायद्यानं ते ओळखलं आहे. अडचण अशी की गावातून खेडा खरेदी करून आणणारा छोटा व्यापारी हाही बैलगाडीशेजारीच उभा असतो, आणि तो पिकवणारा नाही.

एका ऑफिसात रोख खरेदीच्या पट्ट्यांचं खोकं उपसताना मी बसलो होतो. एका दिवसाच्या बावीस पट्ट्या. नावं वेगवेगळी, रकमा 9,700, 9,850, 9,600, 9,900. सगळ्या दहा हजारांच्या आत, म्हणून पहिल्या वर्षाच्या पोरानं सगळ्यांवर हिरव्या पेननं टिक मारली होती. सर त्याच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"काय बे, सगळ्या बरोबर?"

"हो सर. एकही दहाच्या वर नाही."

"तेच तं म्हणतो. शेतकऱ्याले दहाच्या वर देता येते का नाही?"

"येते सर."

"मंग हे सारे दहाच्या आत काहून?"

पोरगा गप्प. मलाही क्षणभर लागला समजायला. माल खरंच शेतकऱ्यांचा असता तर कोणाला 18,400 मिळाले असते, कोणाला 43,000, जेवढा कापूस तेवढे. रक्कम तोडायची गरजच नव्हती. ज्याला मर्यादेची भीती आहे तोच रक्कम मर्यादेच्या आत बसवतो. नियम पाळलेला दिसतो हाच पुरावा. पोरानं मग पट्ट्या पुन्हा उलटल्या आणि त्याला बावीस सह्यांमधले दोन 'र' एकाच वळणाचे दिसले. पुढं त्या फायलीचं काय झालं ते मी विचारलं नाही. ते क्लायंट आणि सर यांच्यातलं.

कापसाला जीएसटीतही वेगळं खातं आहे. 15 नोव्हेंबर 2017 पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा 5 टक्के कर विकणाऱ्यानं न भरता घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यानं भरायचा असतो, उलट्या आकारणीनं. म्हणजे ज्या खरेदीला आर्टिकल प्राप्तिकरात शेतकऱ्याकडची मानतो, तीच जीएसटीत उलट्या आकारणीत दिसली पाहिजे. दोन आकडे जुळले नाहीत की कोणत्या तरी एका खात्याला वेगळं सांगितलेलं असतं. हे दोन्ही विषय परीक्षेत वेगवेगळ्या पेपरांत येतात. ते एकमेकांना साक्षीदार आहेत, हे ऑफिसात कळतं.

जुन्या सीएंना उताऱ्याचं आणि खरेदीचं हे भांडण नवं वाटतं, कारण त्यांच्या उमेदीच्या काळात, 1972 पासून पुढं, कापूस एकाधिकार खरेदी योजनेत होता. माल पणन महासंघाचा, जिनिंगवाला मजुरीवर रेचे फिरवायचा. उताऱ्याचं भांडण महासंघाशी व्हायचं. योजना सुटली आणि ते भांडण आर्टिकलच्या टेबलावर आलं.

एप्रिलमध्ये बँकांच्या शाखांची ऑडिटं लागतात. पोरांना आवडणारा महिना. धारणी, चिखलदरा, परतवाडा, कुठंही जावं लागतं, भत्ता सुटतो, मॅनेजर जेवू घालतो. इथंही हंगामच. पीककर्ज थकलं तरी ते लगेच बुडीत धरत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कमी मुदतीच्या पिकाला दोन पीकहंगाम थांबतात. शेतकऱ्याला दोन, आर्टिकललाही दोन. हा योगायोग मला गमतीचा वाटला. या खात्यांमध्ये पोरं पहिल्यांदा 'नवं-जुनं' बघतात: मार्चमध्ये एका दिवशी कर्ज पूर्ण भरलं, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तेवढंच नव्यानं उचललं. कागदावर खातं स्वच्छ. पैसे एका रात्रीसाठी कोणाकडून आले, हे खातेउताऱ्यात लिहिलेलं नसतं. शेतकरी घरातल्या पोराला ते विचारावं लागत नाही. त्यानं वडलांना ते करताना बघितलेलं असतं.

दर्यापूर, तेल्हारा, बाळापूर, चांदूरबाजार इथून येणाऱ्या या पोरांबद्दल ऑफिसांमध्ये एक मत कानावर आलं, की इंग्रजी कच्चं आणि ड्राफ्टिंग शिकवावं लागतं. असेल. पण सातबारा वाचायला, हमाली-तोलाईचा दर खरा की फुगवलेला ते ओळखायला, 'कवडी जास्त होती' या वाक्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवायला त्यांना शिकवावं लागत नाही. हा सौदा मला सरांच्या फायद्याचा वाटतो.

स्टायपेंडचं सांगायचं राहिलं. संस्थेनं किमान दर गावाच्या लोकसंख्येवर बसवलेत. 20 लाखांच्या वरच्या शहरात पहिल्या वर्षी महिना 4,000, दुसऱ्या वर्षी 5,000. 4 ते 20 लाखांत 3,000 आणि 4,000. त्याखाली 2,000 आणि 3,000. अमरावती 2011 च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या आतबाहेर, अकोला सव्वाचार लाख. म्हणजे अकोला मधल्या पायरीवर जेमतेम चढलेलं. खामगाव, यवतमाळ, वाशीम खालच्या. हे दर नव्या योजनेत दुप्पट केलेले आहेत, हे ऐकल्यावर जुने दर विचारायची इच्छा होत नाही. काही सर किमानपेक्षा जास्त देतात, हेही खरं. तरी खेड्यातून येऊन खोली करून राहणाऱ्याला 3,000 त खोली आणि खानावळ दोन्ही निभत नाहीत. फरक घरून येतो, म्हणजे बहुतेक वेळा कापसातूनच येतो. ज्या पोराच्या बापाचा कापूस ओला म्हणून भाव कापला गेला, तोच पोरगा तोच कापूस ओला होता का ते तपासतो, आणि त्याचा खर्च बापच चालवतो. मला यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही. फी वाढवायला न धजणारे सर आणि फी घासाघीस करून देणारे शेठजी यांच्यातली तूट तो बाप भरून काढतो.

तासांचंही तेच. नियमात आठवड्याला 35. सप्टेंबरात ते चार दिवसांत होतात. टॅक्स ऑडिटची मुदत 30 सप्टेंबर, आणि 2025 मध्ये त्याच दिवशी अष्टमी होती. अमरावतीत अंबादेवीच्या यात्रेचे भोंगे ऑफिसात ऐकू येत होते. तिथल्या मुलींनी आठवडाभर आधीच घरी सांगून टाकलं होतं की यंदा दर्शन लांबून. 24 सप्टेंबरला राजस्थान उच्च न्यायालयानं मुदत वाढवायला सांगितलं, 25 ला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं ती 31 ऑक्टोबर केली. मग लक्ष्मीपूजन पुढं आलं आणि पुन्हा फायली. ऑक्टोबर संपता संपता ती 10 नोव्हेंबर झाली. शेठजी लोकांची वहीपूजा झाली त्या आठवड्यात आर्टिकल त्यांचीच मागच्या वर्षीची वही अपलोड करत होते. 1 एप्रिल 2026 पासून 1961 चा कायदा जाऊन 2025 चा प्राप्तिकर अधिनियम आला, कलमांचे क्रमांक फिरले, 'कर वर्ष' आलं. पाठ केलेला 40ए(3) हळूहळू जुना होईल. बावीस पट्ट्या होणार नाहीत.

अलीकडं ऑफिसांमध्ये आणखी एक जात दिसू लागली आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एम.कॉम.ला चार क्रेडिटचं कार्यस्थळ प्रशिक्षण आलं, ओजेटी. कॉलेजची पत्रं घेऊन पोरं येतात, काही आठवडे टॅलीत नोंदी करतात, शिक्का घेऊन जातात. वाईट काही नाही. पण एक गाठ मोजायला न लागता हंगाम निघून जातो.

आणि आता ते आखूड झालेलं माप. मे महिन्याच्या परीक्षेत इंटर सुटलेली मुलगी साधारण ऑगस्टमध्ये लागते. लागल्या लागल्या सप्टेंबर. न बघितलेल्या हंगामाचं ऑडिट, सांगतील तिथं टिक. मग तिचा पहिला कापूस, पहिली 31 मार्च, आणि पुढच्या सप्टेंबरात त्याचं ऑडिट. मग दुसरा कापूस, दुसरी 31 मार्च. या वेळी ती टेप स्वतः आणते. आणि ऑगस्टमध्ये दोन वर्षं पूर्ण होतात. ज्या हंगामात तिला दिसू लागलं, त्याच हंगामाचं ऑडिट ती करत नाही. तीन वर्षांच्या काळात हेच ऑडिट आर्टिकलशिपमधलं सगळ्यात चांगलं असायचं. शेवटचे नऊ ते बारा महिने एखाद्या कंपनीत औद्योगिक प्रशिक्षण घ्यायची मुभा आहे. ती घेतली तर दुसरी 31 मार्चही गेली.

एका सरांनी यावर आपला उपाय काढलाय. मुदत संपवून पुण्याला अभ्यासाला गेलेल्यांना ते सप्टेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांसाठी बोलावतात. दिवसाचा दर वेगळा, स्टायपेंडच्या हिशेबात न बसणारा. राहायला स्वतःच्या घरचा वरचा मजला. फायनल तेव्हा सात-आठ महिन्यांवर असते, क्लास चालू असतात, घरचे नको म्हणतात. गेल्या खेपेला त्यांनी तिघांना फोन केला होता. एक जण आली.